न वाचणाऱ्यांचा निवाडा

‘आंतरजालाने वाचनसंस्कृती संपविली’ हे विधान आपल्या समीक्षाव्यवहारात सिद्धान्तासारखे वावरते. ते तपासून घेणे अगत्याचे आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथाच्या निमित्ताने ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमावाने ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस केली. फेसबुक अवतरले ते त्यानंतर महिन्याने. शिवाय प्रकाशकाने २००३ मध्येच तो ग्रंथ भारतातून मागे घेतला होता. संहिता बाजारातून नाहीशी झाली. उरला तो एका उताऱ्याचा बोभाटा. संहितेच्या जागी उतारा आणि उताऱ्याच्या जागी ऐकीव वार्ता, ही घसरण राजकारणाला नेहमीच सोयीची असते. आंतरजालाने तिला वेग दिला, जन्म दिला नाही. तरीही आपले विद्वान यंत्रालाच दोष देतात, कारण यंत्राशी भांडताना कोणाचा रोष पत्करावा लागत नाही. मूळ कादंबरी न उघडता ‘गाइड’च्या आधारे पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊ देणारी विद्यापीठे तरी या वृत्तीपासून अलिप्त आहेत काय? संपूर्ण संहिता वाचल्याखेरीज निवाडा न देणे ही समीक्षेची पहिली अट होय. आज ती पाळणे हीच एक राजकीय भूमिका ठरते.