दुखते म्हणणाऱ्यावर आधी विश्वास ठेवू या



आजारी आणि वृद्धांच्या घरी भेटी देताना आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकू येते : "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण दुखायचं काही थांबत नाही." बोलताना माणसे बहुधा खाली बघतात, कारण पुढे काय ऐकावे लागणार हे त्यांना पाठ झालेले असते. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. घरचे म्हणतात, मनावर घेऊ नका. आणि चर्चच्या आवारात कुणीतरी, अगदी प्रेमानेच, म्हणते, "विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढवा."

आमच्या मते या तिन्हींत हे शेवटचे वाक्य सर्वांत खोल लागते, आणि ते आपल्या धर्मग्रामातून कायमचे बंद व्हायला हवे. हे आम्ही केवळ दयेपोटी म्हणत नाही. वेदनेविषयी आज जे ठाऊक झाले आहे ते आणि प्रभूचे शुभवर्तमान, दोन्ही आपल्याला हेच शिकवतात.

आधी विज्ञानाचे पाहू. आपल्या भागात संकेश्वरी मिरचीची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. मिरचीतल्या तिखट द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. आपल्या नसांच्या टोकांवर ज्या दारातून चटक्याची खबर आत जाते, तेच दार हे द्रव्य उघडते. म्हणून मिरची लागली की आपण आग झाली म्हणतो. 1997 साली हे दार ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

याच तिखटाचा उपयोग करून दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला आणि 2022 साली तो प्रसिद्ध केला. प्रयोगात भाग घेणारे लोक निरोगी होते. त्यांच्या तोंडात कॅप्सेसिनने जळजळ निर्माण केली गेली आणि सुमारे 20 मिनिटे त्यांच्या मेंदूचे चित्रण झाले. पाहायचे होते ते एवढेच : दुखणे चालू राहते तेव्हा मेंदूचे भाग एकमेकांशी कसे बोलतात?

एरवी मेंदूची वस्ती आपल्या गावासारखी असते. शेजारी शेजाऱ्याशी जास्त बोलतो. शरीराच्या स्पर्शाची नोंद ठेवणारे भाग आपापसांत जोडलेले असतात. लक्ष देणे, विचार करणे, बेत आखणे ही कामे करणाऱ्या भागांचे जाळे वेगळे असते. पण वेदना सुरू होताच, तोंडाची नोंद ठेवणारा भाग आपल्या नेहमीच्या शेजाऱ्यांपासून सुटला. तो मेंदूच्या खोल भागांशी आणि लक्ष व विचार सांभाळणाऱ्या जाळ्याशी जोडला गेला. वेदना ओसरू लागली तसे हे भाग त्यापासून सुटले आणि लहान मेंदूशी जोडले गेले. या बदलत्या जोडण्यांवरून कुणाची वेदना कशी चढते-उतरते आहे याचा अंदाजही बांधता आला. एका गटात 48 आणि दुसऱ्यात 74 लोक होते. दोन्हीकडे हे जमले.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. वेदना ही मेंदूच्या एका कोपऱ्यात वाजणारी घंटा नाही. ती चालू राहिली की घरातल्या सगळ्या खोल्यांची मांडणी बदलते. मन ज्या साधनांनी लक्ष देते, ती साधनेच वेदना आपल्या कामाला जुंपते. म्हणून गुडघेदुखीने रात्रभर जागलेल्या आजीची रोझरीची माळ तिसऱ्या रहस्यातच अडखळली, तर तिची भक्ती आटली असे समजू नये. जिच्याकडे लक्ष देण्याची ताकदच उरलेली नाही, ती अडखळत का होईना माळ ओढते आहे, हे आपण पाहावे.

एक मर्यादाही सांगायला हवी. वीस मिनिटांची जळजळ आणि वीस वर्षांची पाठदुखी एक नव्हे. प्रयोगातल्या माणसाला ठाऊक असते की हे थोड्या वेळात संपणार आहे, आणि नको वाटले तर तो थांबा म्हणू शकतो. दीर्घ दुखण्याच्या माणसाकडे या दोन्ही गोष्टी नसतात. पण धडधाकट माणसाच्या मेंदूतही थोड्याच वेळात इतकी उलथापालथ होत असेल, तर वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्याला "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

वैद्यकशास्त्रानेही आपली भाषा बदलली आहे. तीन महिन्यांहून अधिक राहणारे किंवा पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे दीर्घकालीन मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा दुखण्याला स्वतंत्र स्थान आहे, आणि ते स्वतःच एक आजार असू शकते हे मान्य केले आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट केले, की माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर झाला पाहिजे. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, म्हणून दुखत नाही असे होत नाही.

वेदना मुळात देवाने दिलेली राखण आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी वाचताना जाणले असेल. 1914 साली मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मलेले हे शल्यविशारद वेल्लोरला कुष्ठरुग्णांची सेवा करत. रुग्णांची बोटे झडतात याचे मोठे कारण वेदना न जाणवणे हे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. दुखत नाही म्हणून माणूस भाजतो, कापतो आणि त्याला कळतही नाही. राखण नसेल तर घर लुटले जाते. पण चोर निघून गेल्यावरही राखणदार रात्रंदिवस ओरडतच राहिला, तर घरच्यांनी झोपायचे कधी? दीर्घ दुखणे बऱ्याचदा असेच असते.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री भेटते. तिला सरळ उभे राहता येत नव्हते, तरी ती शब्बाथ दिवशी सभास्थानात आली होती. तिने काही मागितल्याचे लूक सांगत नाही. प्रभूने तिला पाहिले, जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवला. तुझा विश्वास किती, प्रार्थना किती वेळा करतेस, असे तिला विचारले नाही. सभास्थानाचा अधिकारी मात्र नियमाची आठवण देत रागावला. तेव्हा प्रभूने त्या स्त्रीला अब्राहामाची कन्या म्हटले. अठरा वर्षे जिची पाठच लोकांना दिसली, तिला त्याने सर्वांसमोर घराण्याचे नाव परत दिले.

कुणी म्हणेल, दुःख प्रभूच्या क्रुसाला जोडून अर्पण करावे, ही तर आपली शिकवण आहे. आहेच. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितपत्रच लिहिले. पण अर्पण करायचे ते स्वतःचे. दुसऱ्याचे दुखणे आपण अर्पण करू शकत नाही, आणि "अर्पण करा" असे सांगून त्याच्या दारातून लवकर निघून येणे ही तर पळवाट झाली. वेदनाशामक औषध घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे असेही काहींना वाटते. पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच डॉक्टरांशी बोलताना सांगितले होते, की वेदना कमी करण्यासाठी औषध घेणे ख्रिस्ती माणसाला योग्य आहे. आणि देहातल्या काट्यासाठी संत पौलाने तीनदा विनवणी केली, तरी काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी पडला असे कोण म्हणेल?

मेंदूविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. त्यातून वेदना वाढवणारे जसे निरोप जातात, तसे ती उतरवणारेही जातात. भीती आणि एकटेपणा वेदनेला बळ देतात. जवळच्या माणसाने हात धरला तर वेदना कमी जाणवते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे भेटीला जाणे ही नुसती रीत नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांकडे उपाय मागितला नव्हता. त्याने सोबत मागितली होती.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. येत्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या चौदाही स्थानांवर गुडघे टेकणे शक्य नसणाऱ्यांसाठी खुर्च्या आधीच मांडून ठेवाव्यात, त्यांना मागाव्या लागू नयेत. मिस्सेत बसून राहणाऱ्याकडे कुणी वळून पाहू नये. पहिल्या शुक्रवारी घरी पवित्र कम्युनियन नेताना दहा मिनिटे जास्त बसावे आणि "आता बरे आहे ना?" असे विचारू नये. त्या प्रश्नाला "हो" एवढेच उत्तर चालते. त्याऐवजी "आज कसे दुखते आहे?" असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. ज्यांचे दुखणे अजून गेलेले नाही त्यांनाही साक्ष देण्याची संधी मिळावी. आणि कुणाला औषधाचा किंवा तज्ज्ञ डॉक्टरांचा खर्च झेपत नसेल, तर गाजावाजा न करता तो उचलावा.

हे प्रभू, तुझ्या जखमा पाहिल्याशिवाय थोमाने विश्वास ठेवला नाही, आणि तू त्याला त्या दाखवल्यास. आमच्या शेजाऱ्याच्या जखमा दाखवता येण्याजोग्या नसतात. न पाहताही त्याच्यावर विश्वास ठेवण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.