मुदत कोणी संपविली?



३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस माँटेबेलो बेटांपाशी ब्रिटनने आपला पहिला अणुस्फोट केला, आणि १९५८ पर्यंत मॅरालिंगा, ख्रिसमस बेट आदी ठिकाणे धरून असे २१ स्फोट झाले. त्या कामी सुमारे २२,००० ब्रिटिश सैनिक राबले. त्यांत सक्तीच्या लष्करी सेवेत आलेले अठरा-वीस वर्षांचे तरुण पुष्कळ होते. स्फोटाकडे पाठ करून बसा आणि मिटल्या डोळ्यांवर हात धरा, असा त्यांना हुकूम होता. त्या मिटल्या डोळ्यांनाही आपल्याच हातांची हाडे दिसली, ही हकीकत कित्येकांनी सांगून ठेविली आहे.

पुढे ज्यांना कर्करोगाने गाठले, त्यांच्या दाव्यांचे काय झाले? सेवेत झालेल्या इजेबद्दल सरकारवर फिर्याद करण्याच्या आड १९४७ चा कायदा चाळीस वर्षे उभा होता. तो अडसर १९८७ साली निघाला, पण मागील प्रकरणांना वगळून. आणि अखेर हजारावर फिर्यादी न्यायासनापुढे आले तेव्हा खुद्द सरकारनेच मुदतीचा आक्षेप घेतला, जो १४ मार्च २०१२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. कारणसंबंधाचा पुरावाही दुबळा, असे बहुमताचे म्हणणे पडले.

तो पुरावा सबळ व्हावा कसा? बहुतेकांच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्लाच नव्हता. दप्तर सारे सरकारच्या कबजात. आणि निवृत्तिवेतनाच्या नियमांप्रमाणे सेवा सोडून सात वर्षे लोटली की पुराव्याचा भार सैनिकाच्या शिरावर, जरी हा रोग वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. हे रोग त्या स्फोटांमुळेच जडले का, याविषयी शास्त्रज्ञांत मतैक्य नाही, हे मी लपवीत नाही. परंतु ज्याने मोजमाप टाळले त्यालाच संशयाचा फायदा द्यावा, हा न्याय मला मान्य नाही. अमेरिकेने १९८८ सालीच कायद्याने ठरविले, की चाचणीस हजर असलेल्या सैनिकास यादीतला कर्करोग जडला तर संबंध गृहीत धरावा. फिजीने २०१५ साली आपल्या सैनिकांना स्वतःच्या खजिन्यातून रक्कम दिली. ब्रिटनने २०२२ साली पदक जाहीर केले.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी बंधुभगिनींनो, भारताचे नागरिक असूनही पार्लमेंटच्या निवडणुकीत तुम्हांला मताचा अधिकार आहे. आपल्या प्रतिनिधीस पत्र लिहा, आणि पुराव्याचा भार सरकारने उचलावा असा कायदा मागा. त्या तरुणांपैकी जे आज हयात आहेत, त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत.