लेझर विमान टेस्टमध्ये पास झालं, तरी भंगारात का गेलं?

लेझरने ड्रोन पाडल्याचे व्हिडिओ हल्ली तुमच्याही फीडमध्ये येत असतील. १३ एप्रिल २०२५ ला आपल्या डीआरडीओने कर्नूलजवळ ३० किलोवॉटच्या, गाडीवर बसवलेल्या लेझरची चाचणी घेतली. साहजिकच पुढचा प्रश्न पडतो: हीच गोष्ट विमानात बसवली तर?

तर मंडळी, हे करून झालंय. तेही चाळीसेक वर्षांपूर्वी. त्यातून काय शिकायला मिळालं ते समजून घेतलं, तर आजच्या व्हिडिओंकडे बघायची नजरच बदलते.

पहिली उडती प्रयोगशाळा

केसी-१३५ हे अमेरिकन हवाई दलाचं, उडत्या विमानांत इंधन भरणारं विमान. त्यातल्याच एकाच्या पोटात कार्बन डायऑक्साइडवर चालणारा लेझर बसवला आणि पाठीवर किरण सोडणारा घुमट. १९८३ मध्ये या विमानाने हवेत उडणारी ५ साइडवाइंडर क्षेपणास्त्रं निकामी केली. सोव्हिएत संघही मागे नव्हता. त्यांनी इल्युशिन-७६ या मालवाहू विमानापासून ए-६० बनवलं आणि १९८१ मध्ये उडवलं.

पण अमेरिकन विमानाच्या नावातच ‘प्रयोगशाळा’ हा शब्द होता. हलत्या, थरथरणाऱ्या विमानातून लेझर नेमका रोखता येतो का, एवढंच त्याला तपासायचं होतं. उत्तर ‘हो’ आलं आणि विमान निवृत्त झालं. आज ते अमेरिकेतल्या डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

मग आलं ७४७

पुढचं पाऊल मोठं होतं. बोइंग ७४७ मालवाहू विमानात मेगावॉट क्षमतेचा रासायनिक लेझर आणि नाकावर फिरणारा घुमट. नाव वायएएल-१. नुकतंच उडालेलं शत्रूचं क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटरवरून तापवायचं, म्हणजे आतल्या दाबानेच त्याचं कवच फाटेल, अशी ही कल्पना.

११ फेब्रुवारी २०१० ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ या विमानाने खरंच एक बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडलं. पण त्याच वर्षी नंतरच्या २ चाचण्या फसल्या. डिसेंबर २०११ मध्ये प्रकल्प बंद झाला आणि २०१४ मध्ये विमान भंगारात निघालं. तोवर ५ अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला होता.

घोडं अडलं कुठे?

पहिली अडचण अंतराची. लेझरचा किरण सरळ जातो, पण लांब जाता जाता पसरतो. जितका पसरेल तितकी उष्णता विखुरणार. तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००९ मध्येच संसदेत सांगितलं होतं की हा लेझर २० ते ३० पट जास्त ताकदवान हवा. नाहीतर क्षेपणास्त्र पाडायला विमानाला थेट इराणच्या हद्दीत घिरट्या घालाव्या लागतील. अवाढव्य, संथ ७४७ तिथे किती वेळ टिकेल? त्यात अशी १० ते २० विमानं लागली असती, प्रत्येकी दीड अब्ज डॉलरची.

दुसरी अडचण हवेची. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडची गाडी थरथरताना दिसते ना? लेझरचंही तेच होतं. शिवाय किरण स्वतःच वाटेतली हवा तापवतो आणि आणखी पसरतो. वायएएल-१ मध्ये यावर उपाय म्हणून सतत आकार बदलणारा आरसा होता. त्याने फरक पडतो, पण हवा काही नाहीशी होत नाही.

तिसरी अडचण उष्णतेची. चार्जिंगला लावून गेम खेळलात की फोन तापतो आणि स्लो होतो. आजचे विजेवर चालणारे लेझर ढोबळमानाने एक-तृतीयांश वीजच प्रकाशात बदलतात, बाकीची उष्णता. म्हणजे ६० किलोवॉटच्या किरणामागे १०० किलोवॉटहून जास्त उष्णता विमानातून बाहेर काढायची. अमेरिकेने एसी-१३० विमानासाठी असाच ६० किलोवॉटचा लेझर तयार करवून घेतला होता. तांत्रिक अडचणी आल्या आणि २०२४ मध्ये तो बेतही एकदाही न उडता गुंडाळला.

मग लेझर फसवाच का?

नाही. माझ्या मते फसवा आहे तो ‘टेस्ट पास, म्हणजे शस्त्र तयार’ हा हिशोब. प्रयोगशाळेने दिवस, हवामान आणि लक्ष्य स्वतः निवडलेलं असतं. युद्धात हे तिन्ही शत्रू किंवा पाऊस ठरवतो.

काही हजार डॉलरचा ड्रोन पाडायला लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र खर्च होतंय, म्हणून स्वस्त उत्तराची गरज खरी आहे. जमिनीवरचा लेझर तिथे उपयोगी पडू शकतो, कारण अंतर कमी, वजनाची चिंता कमी आणि थंड करायची यंत्रणा शेजारच्या गाडीतही मावते. कर्नूलची चाचणी म्हणूनच मला ७४७ पेक्षा जास्त व्यवहारी वाटते. पण धुकं आणि पावसाळा तिच्याही वाट्याला येणारच. त्या हवेतले आकडे बघितल्याशिवाय आपलं आकाश सुरक्षित झालं असं मी तरी म्हणणार नाही. पैसा आपला आहे आणि त्या लेझरच्या भरवशावर सीमेवर उभे राहणारे जवानही आपलेच.

त्यामुळे पुढचा लेझर व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी ३ गोष्टी शोधा: लक्ष्य किती लांब होतं, किरण किती सेकंद धरून ठेवावा लागला आणि हवा कशी होती. ही माहिती दिली नसेल, तर समजा तुम्ही प्रयोग बघताय, शस्त्र नाही.