तीन मिनिटं आणि एकच मायक्रोफोन

मंडळी, 'द अमेरिकन एपिक सेशन्स' हा २०१७ सालचा माहितीपट कुठे मिळाला तर जरूर बघा. विषय अमेरिकेतला, पण लोकगीतांवर प्रेम असणाऱ्या कुणालाही आपला वाटेल असा.

१९२५ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचं विजेवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र वापरात आलं. त्याआधी गायकाला कर्ण्यासमोर उभं राहून खणखणीत गावं लागे. मायक्रोफोनमुळे हळू, घरगुती आवाजाचं गाणंही तबकडीवर उतरू लागलं. निकोलस बर्ग या ध्वनितंत्रज्ञाने जुने सुटे भाग जमवून, वर्षानुवर्षं खपून ते यंत्र पुन्हा उभं केलं. त्यावर विली नेल्सन, मर्ल हॅगार्ड, एल्टन जॉन अशी बडी मंडळी गायली. त्या गाण्यांचा अल्बमही निघाला.

यंत्राची गंमत बघा. वर टांगलेलं जड वजन हळूहळू खाली येतं, त्याच्या ओढीने तबकडी फिरते. अगदी लंबकाच्या घड्याळासारखं! वजन जमिनीला टेकायच्या आत, म्हणजे सुमारे तीन मिनिटांत, गाणं संपलं पाहिजे. मायक्रोफोन एकच. कुणाचा आवाज मोठा येत असेल तर त्याने दोन पावलं मागे सरकायचं. चूक झाली तर तबकडी बाद, पुन्हा पहिल्यापासून. जुन्या ७८च्या तबकड्या ऐकलेल्यांना हा तीन मिनिटांचा हिशेब नवा नाही. एकदा तर वजनाचा पट्टाच तुटला. जॅक व्हाइट हा गायक पूर्वी सोफा-खुर्च्यांना कापड चढवायचं काम करत असे, त्याने तो दुरुस्त केला.

आमच्या घरातल्या तरुण मंडळींचं म्हणणं, "एवढा खटाटोप कशाला? जुनी खरखर हवी तर ती कंप्युटरवर मिळते." मुद्दा खोटा नाही. खरखर हेच सर्वस्व असेल तर हे सगळं हौसेचं नाटक ठरेल.

पण मला त्यात दिसलं ते वेगळंच. हल्ली वादक एका दिवशी वाजवतो, गायक दुसऱ्या दिवशी गातो, कधीकधी दोघांची गाठही पडत नाही. इथे सगळे एका खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, दुसऱ्याचा श्वास ऐकत गातात. लोकगीत मुळात असंच जन्मलं ना? शेतात, देवळात, चार माणसांत. त्याचे तुकडे करून जोडले तर सूर बिनचूक येतील, पण सोबत कुठून आणायची?

आणखी एक गोष्ट. बड्या गायकांसाठी हा तीन मिनिटांचा खेळ होता. १९२०च्या दशकात याच पद्धतीने गाणाऱ्या शेतमजुरांना आणि खाणकामगारांना दुसरा इलाजच नव्हता. मिसिसिपीतला जॉन हर्ट घ्या. शेतात राबणारा, अगदी मऊ आवाजात गाणारा माणूस. १९२८ साली त्याची थोडी गाणी मुद्रित झाली. पुढे मंदी आली आणि तो पुन्हा शेतात गेला. त्याने एका गाण्यात आपल्या अॅव्हलॉन गावाचं नाव घेतलं होतं. त्या धाग्यावरून १९६३ साली, म्हणजे तब्बल ३५ वर्षांनी, एका चाहत्याने त्याला शोधून काढलं. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. १९६६ साली गेला. जगाकडे त्याचा पत्ता म्हणून होत्या त्या एका दमात गायलेल्या तबकड्याच!

म्हणून मला वाटतं, जपायचं ते जुनं यंत्र नव्हे. यंत्र संग्रहालयातही राहील. जपायची ती एकत्र बसून, मन लावून, एका दमात गायची रीत. त्याला मोबाइलही पुरतो. तुमच्या घरात कुणा आजीला, मावशीला ओव्या किंवा जुनी गाणी येत असतील तर चारजणींना जवळ बसवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. मध्ये थांबवू नका. खोकला आला, कुकरची शिट्टी झाली तरी राहू द्या. फक्त सुरुवातीला त्यांना स्वतःचं नाव आणि गाव सांगायला लावा. कोण जाणे, ३५ वर्षांनी कुणी शोधत येईल!