ती स्पेलिंगची यादी नव्हती!



आज जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा. मी पुण्यात सीए झाले, गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि दिवसभर लोकांचे टॅक्स रिटर्न बघते. तरी हा प्रकार माझ्याच घरात घडला, म्हणून लिहितेय.

आमचा मोठा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन उन्हाळे इंटर्नशिप करून त्याने पैसे साठवले आणि त्यातून साधारण सहा हजार डॉलरचे बिटकॉइन घेतले. आम्हाला सांगून घेतले. आम्ही "तुझे पैसे आहेत, तू बघ" म्हणून मोकळे झालो. थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा पेन ड्राइव्हएवढं एक यंत्र घेऊन आला. "आई, हे हार्डवेअर वॉलेट. आता कोणी हॅक करू शकत नाही." मला बरंच वाटलं. पोरगं जबाबदारीने वागतंय!

पुढच्या रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, तो परत स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरलाय का? शब्दांची यादी टाकलीये त्याने. चांगले चोवीस शब्द आहेत. मी अंगठा दाखवला त्याला."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

आमचा एक फॅमिली अल्बम आहे. पुणे, नाशिक, टोरांटो, न्यू जर्सी धरून सोळा माणसं त्यात आहेत. पोराने ते चोवीस शब्द कागदावर नीट लिहिले होते. मग "कागद हरवला तर?" म्हणून फोनवर फोटो काढला. आणि सुट्टीतले सगळे फोटो एकदम निवडून अल्बममध्ये टाकताना तोही गेला. जेवणाच्या टेबलाचा फोटो, आमच्या कुत्र्याचा फोटो आणि मध्ये त्याच्या सगळ्या शिलकीची किल्ली.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बिटकॉइन त्या यंत्रात नसतात. ते जगभरातल्या संगणकांवर ठेवलेल्या सामायिक खतावणीत नोंदलेले असतात. यंत्रात असते ती गुप्त किल्ली, आणि त्या किल्लीने व्यवहारावर सही होते. ही सही यंत्राच्या आतच होते, किल्ली कॉम्प्युटरवर येत नाही, म्हणून ते सुरक्षित. यंत्र सुरू करताना ते बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात. यंत्र बिघडलं, हरवलं, तर नवीन घ्यायचं, तेच शब्द त्याच क्रमाने भरायचे, सगळं परत मिळतं. पण याचाच अर्थ असा, की ते शब्द ज्याला मिळाले त्याला तुमचं यंत्रही नको आणि तुमचा पिनही नको. त्याच्या हातात तुमची सही आली.

आम्ही त्या रात्री काय केलं तेही सांगते, कारण इथे बऱ्याच जणांची चूक होते. नुसता फोटो डिलीट करून चालत नाही. पिन बदलूनही चालत नाही. एकदा शब्द बाहेर गेले की ते कायमचे बाद. यंत्र पुसून पूर्णपणे नवीन शब्द तयार करायचे आणि सगळे कॉइन जुन्या शब्दांच्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर हलवायचे. त्याने आधी जुने शब्द हाताशी ठेवले, दुसरं नवं यंत्र मागवायला वेळ नव्हता म्हणून मित्राच्या सल्ल्याने पैसे तात्पुरते त्याच्या एक्स्चेंजच्या खात्यात पाठवले, यंत्र पुसलं, नवे शब्द लिहिले आणि मग परत आणले. रात्रीचे दीड वाजले. काही गेलं नाही. नशीब!

आता माझं मत. आपल्याकडे अशा गोष्टी घरातल्या एका माणसावर सोडायची सवय आहे. नवरा बघतो, किंवा पोरगं बघतं, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" म्हणून बाकीचे बाजूला. मी तर पैशांचंच काम करते आणि तरी हेच केलं. हार्डवेअर वॉलेट चांगलंच आहे. पण ते घेतल्यावर जोखीम इंटरनेटवरून उठून आपल्या घरात येते: कागद कुठे ठेवला, फोटो कुणी काढला, कुणाला सांगितलं. आणि घरातले कागद सांभाळणं आपल्याला येतं हो. त्यासाठी तंत्रज्ञ असायची गरज नाही.

"मग एक्स्चेंजवरच ठेवावे ना, कशाला डोकेदुखी?" असं म्हणाल. पासवर्ड विसरला तर तिथे ओळखपत्र दाखवून खातं परत मिळतं, ही सोय खरी आहे. पण मुंबईचं वझीरएक्स आठवा. १८ जुलै २०२४ ला तिथून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले आणि सामान्य ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकले. बँकेतल्या ठेवींना असतं तसं एफडीआयसीचं संरक्षण क्रिप्टोला नाही. आणि त्याच प्रकरणातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवा: कंपनीच्याच निवेदनानुसार सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होते! त्यांना समोर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावरच. म्हणजे यंत्र असलं तरी न वाचता सही केली की संपलं. आम्हा अकाउंटंट लोकांना हे पहिल्या दिवशी शिकवतात.

तर तुमच्या घरात कोणी हे यंत्र घेत असेल, तर एवढं नक्की करा:

१. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. वापरलेलं नको, स्वस्तातलं नको. खोक्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ती शंभर टक्के फसवणूक आहे. शब्द यंत्रानेच, तुमच्यासमोर, स्क्रीनवर दाखवायला हवेत.

२. शब्द हाताने, पेनने, क्रमांक घालून कागदावर लिहा. फोटो नाही, ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, प्रिंटर नाही, एक्सेल तर नाहीच.

३. मोठी रक्कम टाकण्याआधी तालीम करा. थोडेसे कॉइन पाठवा, मग यंत्र मुद्दाम पुसा आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. पैसे दिसले की कागद बरोबर लिहिलाय हे कळतं. हे आमच्या ट्रायल बॅलन्ससारखं आहे. चूक आत्ताच सापडलेली बरी.

४. पैसे पाठवताना आणि घेताना पत्ता यंत्राच्या छोट्या स्क्रीनवर वाचा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, त्यामुळे कॉम्प्युटरवर दिसतो तो खरा मानू नका.

५. शब्द विचारणारा प्रत्येक जण चोर. कस्टमर केअर असो, ईमेल असो की छापील पत्र असो. हे पत्राचं मुद्दाम सांगतेय. २०२० मध्ये लेजर या मोठ्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि डिसेंबरमध्ये सुमारे २,७२,००० लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर आले. त्यानंतर काही जणांच्या घरी टपालाने खोटी यंत्रंसुद्धा आली, "जुनं बदला" असं पत्र घालून. तुमच्या मेलबॉक्समध्ये असं काही आलं तर कचऱ्यात टाका आणि मुलांनाही सांगून ठेवा.

६. कागदाच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या जागी ठेवा. आम्ही बंद पाकिटात घालून पाकिटाच्या जोडावर सही केली. कोणी उघडलं तर कळतं. बँकेचा लॉकर चालेल, पण लॉकरमधल्या वस्तूंनाही एफडीआयसीचा विमा नसतो हे लक्षात असू द्या.

आता माझा विषय, म्हणजे टॅक्स. आयआरएस २०१४ पासून क्रिप्टोला मालमत्ता मानतं. स्वतःच्या एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवण्यावर कर नाही. मात्र हलवण्याची फी कॉइनमध्ये जाते, ती छोटीशी विक्री धरली जाते, तिची नोंद ठेवा. फॉर्म १०४० च्या पहिल्या पानावर डिजिटल मालमत्तेचा प्रश्न असतो, तो न वाचता "नाही" वर टिक करू नका. २०२५ च्या विक्रीपासून एक्स्चेंज फॉर्म १०९९-डीए पाठवायला लागले आहेत. पण तुमच्या यंत्रातून आलेले कॉइन तुम्ही कितीला घेतले होते हे एक्स्चेंजला कसं कळणार? सिद्ध तुम्हालाच करायचं. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून खरेदी किमतीचा हिशोब प्रत्येक वॉलेटचा वेगळा ठेवावा लागतो. तारीख, किती कॉइन, किती डॉलरला, कुठून कुठे गेले, एवढ्या चार रकान्यांची वही आजच सुरू करा. मार्चमध्ये माझ्यासारखीला फोन करून "सगळं ॲपमध्ये होतं गं" म्हणू नका!

शेवटचं आणि सगळ्यात नकोसं. आपल्यापैकी कोणाला काही झालं तर? बँक मृत्यूचा दाखला बघून पैसे देते. इथे दाखला दाखवायला कोणी नाही. शब्द नाहीत तर पैसे त्या खतावणीत जगाला दिसत राहतील आणि कोणालाच मिळणार नाहीत. पण म्हणून ते शब्द मृत्युपत्रात लिहू नका, कारण मृत्युपत्र प्रोबेटला गेलं की कोणीही ते बघू शकतं. वेगळ्या पत्रात फक्त एवढं लिहा: असं यंत्र आहे, पाकीट अमुक जागी आहे, मदतीला अमक्याला विचारा.

पोराशी भांडण झालंच. "आई, तुला माझे शब्द कशाला हवेत?" त्याचं बरोबर होतं. एकोणीस वर्षांचा आहे, पैसे त्याचे आहेत. मी म्हटलं, "शब्द नकोत बाबा, जागा सांग." त्याने थोडा विचार केला आणि सांगितली. एक पाकीट आमच्या कागदपत्रांच्या पेटीत आहे, पासपोर्टच्या खाली. मी उघडलेलं नाही.

तुम्हीही आज रात्री घरात एवढाच प्रश्न विचारा. मुलांना विचारा, नवऱ्याला किंवा बायकोला विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर त्याच वीकेंडला कागद, पेन आणि पाकीट घेऊन बसा.

(हा गुंतवणुकीचा सल्ला नाही. घ्यावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. कोणाला वहीचा नमुना हवा असेल तर खाली लिहा, पाठवते. आणि हो, सासूबाईंनी काल विचारलं, "मग माझा अंगठा काढून टाकू का?" म्हटलं, फोटोच गेला आई, अंगठाही गेला.)