घर पाहावे न पाडून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. दोन्ही अनुभव माझ्या पदरी आहेत. लग्नाबद्दल या अंकात काही लिहू नये अशी घरातूनच ताकीद असल्यामुळे घराविषयी लिहितो. तेही बांधण्याविषयी नव्हे, पाडता पाडता राहिलेल्या घराविषयी.

राजापूरच्या बाजूला आमचे वडिलार्जित घर आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर. जोते जांभ्या चिऱ्याचे, भिंती मातीच्या, वर फणसाचे वासे आणि मंगळुरी कौले. दादा आणि वहिनी तिथेच राहतात. मी पुण्याला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो आणि ‘आमचं कोकणात घर आहे हो’ असे लोकांना सांगत असतो.

गेल्या वर्षी दिवाळीला गेलो तर दादाने नकाशाची गुंडाळीच पुढे टाकली. ‘‘माजघराची भिंत फुगली आहे. एक दिवस अंगावर येईल. पाडून स्लॅबचं घर बांधू या. तुझी सही हवी.’’

भिंत पाहिली. खरोखरच कमरेइतक्या उंचीवर तिला पोट सुटले होते. मी सही करणारच होतो. पण वहिनी म्हणाल्या, ‘‘भावोजी, एकदा गवंड्याला तरी दाखवा. डॉक्टरला न विचारता माणूस स्मशानात कोण नेतं?’’

गावातला म्हातारा गवंडी आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केले आणि हातोडीने गिलाव्याचा एक पोपडा उडवला. सिमेंटचा तो पोपडा खणखणीत होता. मागची माती मात्र भिजलेल्या खारकेसारखी मऊ झाली होती.

‘‘हे सिमेंट कुणी लावलं?’’ त्याने विचारले.

दादाने माझ्याकडे पाहिले. मी कौलांकडे पाहिले.

वाचकहो, ते मीच लावले होते. १९९८ साली नोकरीत बढती मिळाली तेव्हा घरासाठी काहीतरी करावे म्हणून पोत्यांनी सिमेंट नेले आणि आतून बाहेरून भिंती गुळगुळीत करून घेतल्या. वडिलांनी तेव्हाच विरोध केला होता. ‘‘मातीच्या भिंतीला घाम येतो, तो वाळायला वाट ठेव,’’ एवढेच ते म्हणाले होते. मी हसलो. भिंतीला घाम! मग ते काही बोलले नाहीत. आठ वर्षांनी ते गेले, पण त्या भिंतीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

गवंड्याने जे समजावले ते असे. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडीफार ओढून घेतेच. माती आणि चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. पावसाळ्यात ओलावलेली भिंत दिवाळीनंतर वाळते. सिमेंट कडक असते. माती आकसते, फुगते, तसे ते हलत नाही. मग त्याला बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जाते, पण बाहेर यायला वाट नसते. मग आत चिखल होतो आणि बाहेरून भिंत नव्या नवरीसारखी दिसत राहते. वडिलांनी हेच एका वाक्यात सांगितले होते.

‘‘पाडायची काय गरज?’’ गवंडी म्हणाला. ‘‘डोक्यावर रुंद छप्पर आहे, पायाखाली उंच जोतं आहे. भिंतीला आणखी काय हवं? तिचा कोट तेवढा काढा.’’

दिवाळी सरताच सिमेंट काढले. पुढचे तीन महिने भिंत नुसती वाळू दिली. मग खालचा कुजलेला दोन फुटांचा भाग टप्प्याटप्प्याने, वर टेकू देऊन, कापला आणि तिथे चिरे बसवले. जांभ्याची गंमत अशी की खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. वरच्या भागासाठी लाल माती आणि भाताचा पेंढा पायांनी तुडवून, भिजत घालून मुरवला. एक दिवस मीही तुडवायला उतरलो. दुसऱ्या दिवशी मला जिना चढवेना, असे आमची ही सर्वांना सांगते. घराला जिनाच नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी चुन्याचा गिलावा झाला.

या निमित्ताने थोडे वाचनही झाले. लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुशास्त्रज्ञ १९४५ साली भारतात आले आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारले. केरळात त्यांनी विटा, चुना, कौले यांची स्वस्त आणि देखणी घरे बांधली. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार आपल्याला पटला, असे ते सांगत. गांधीजी स्वतः १९३६ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला गेले. तिथली माती-लाकडाची, कौलारू बापूकुटी आजही उभी आहे. आणि सिमेंट? जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखानदारीतून जातो. चुनाही भट्टीतूनच येतो, हे खरे. पण भिंतीवर बसल्यावर तो हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो.

एवढे ज्ञान झाल्यावर माणूस भाषण करणारच. मी ओटीवर बसून दादाला म्हटले, ‘‘आता जमिनीच्या लाद्याही काढू. पूर्वीसारखं शेणाने सारवू. पायाला कसं गार लागतं!’’

आतून वहिनी बाहेर आल्या. ‘‘भावोजी, सारवायला पुण्याहून दर आठवड्याला तुम्ही येणार का?’’

मी गप्प बसलो. आईचे ओणवे रूप डोळ्यांपुढे आले. सणावाराला पहाटे उठून ती सारे माजघर सारवायची आणि आम्ही म्हणायचो, काय छान वास येतो! तिची कंबर कशी दुखायची ते आम्ही कधी विचारले नाही. जुन्या घराचे गोडवे गाणारे बहुधा ते घर न सारवणारेच असतात. शहाबादी लादी राहिली. कौले दरवर्षी परतायची, वाळवी पाहायची, हे कामही दादालाच आहे. म्हणून यापुढे शाकारणीचा खर्च माझ्याकडे आणि मे महिन्यातले आठ दिवस माझी हजेरी, असे ठरले. हे मी छापून देत आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

शहरातल्या वाचकांना मातीची भिंत कुठे बांधता येणार? पण गावी कुणाचे जुने घर असेल तर सही करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या गवंड्याला बोलवा आणि त्या घरात राहणाऱ्या बाईलाही विचारा.

यंदा गणपतीला गेलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. पागोळ्या अंगणात, जोत्यापासून हातभर लांब पडत होत्या. आरती झाल्यावर सर्वांची नजर चुकवून मी माजघराच्या भिंतीवर तळहात ठेवला. किंचित दमट होती, पण घट्ट होती. दिवाळीनंतर ती वाळेल.

‘‘घाम आलाय,’’ मागून दादा म्हणाला. ‘‘नाना म्हणायचे तसा.’’

त्यांनी आठ वर्षे जो विषय काढला नाही, तो आम्ही दोघे त्या रात्री बराच वेळ बोलत बसलो.