कादंबरीत नसलेली थप्पड

'कादंबरीची सर सिनेमाला येत नाही' हे ठरीव मत आम्हाला मान्य नाही. जॉन बॉल यांची 'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६५) घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेत खून होतो. स्टेशनवर बसलेला परगावचा काळा माणूस, व्हर्जिल टिब्स, संशयित म्हणून पकडला जातो. तो निघतो पोलीस अधिकारी! पुस्तकातला टिब्स संयमाने, हुशारीने गोऱ्यांचा आदर कमावतो. १९६७ च्या चित्रपटात मळ्याचा गोरा मालक थप्पड मारतो, तेव्हा सिडनी पॉइटिएचा टिब्स त्याच क्षणी उलट थप्पड लगावतो. ही थप्पड कादंबरीत नाही.

चेहरा पाहून घेतला जाणारा संशय आपल्यालाही ठाऊक आहे. मग आमच्या कथांतले सज्जन मुसलमान आणखी किती काळ नुसते चांगुलपणाचे दाखले देत फिरणार?